धोडपची खाच

हट्टीतून निघालो तेव्हा सात वाजले होते.
कांदाचाळीचा वास माचीपर्यंत सोबत आला,
मग त्यानं हात सोडला.
पुढे नुसतं वाळलेलं गवत
आणि सलवारीत रुतत जाणारी कुसळं.

चिंधू भोये पुढे चालतो,
खांद्यावर कोयता, पायात मुलाचे शाळेतले जुने बूट.
मी एकतीस वर्षं भूजल खात्यात होते
हे त्याला सांगितलेलं नाही.
डोंगर बघायला आलेय, एवढंच म्हणाले.
ते खोटंही नव्हतं.

माचीवर फडकं सोडलं.
समोर रवळ्या-जवळ्या, त्यांच्या पलीकडे मार्कंड्या,
सगळे एकाच दोरीनं कापल्यासारखे.
मी भाकऱ्यांची चळत दाखवली :
हे असंच. थरावर थर.
एक निवली की तिच्यावर दुसरी.
मध्ये कधी हजार वर्षं, कधी लाखभर
तव्यापाशी कुणी फिरकलंच नाही.
तेवढ्यात पाऊस पडायचा, दगडाची माती व्हायची,
काहीबाही उगवायचं,
आणि परत वरून तापलेला रस.
ती भाजलेली माती अजून लाल आहे, पट्ट्यापट्ट्यानं.

"ठेच्यावानी," चिंधू म्हणाला.
हो. ठेच्यासारखी.

"म्हंजे हा आगीचा डोंगर?"
होता.
"मंग तोंड कुठं त्याचं?"

शिडी चढेपर्यंत मला दम नव्हता.
वर भिंतीतल्या खाचेत बसलो.
दोन्हीकडून वारा,
इकडे ओंजळ सांडली तर कादवेला,
तिकडे सांडली तर गिरणेला.
पाठ टेकून म्हटलं, तोंड नव्हतंच रे.
भेग होती.
जमीन उसवली, उसवणीतून रस वर आला,
शेवटचा आतच थिजला.
मग पावसानं आजूबाजूची जमीन नेली,
चिमटीचिमटीनं,
कुणाला कळणार नाही अशी.
भेग तेवढी उभी राहिली.
आपण टेकलोय ना, ती.

चिंधूनं कोयत्याच्या मुठीनं भिंतीवर दोनदा ठोकलं,
कलिंगड बघतात तसं.
बराच वेळ काही बोलला नाही.
खाली एक घार आमच्या पायांपेक्षा खालून गेली,
तिची पाठ दिसली.

"आमच्या हिरीतबी लागला तो लाल पट्टा.
अडतीस फुटावं.
त्याच्याखाली काळा, मंग भोकाभोकाचा, परत काळा.
साठावं थांबलो.
एक बाई आली व्हती सरकारी.
तिनं टाचेनं भुई दाबली,
म्हनली, हितं घ्या, हितं लागंल."

पळसाच्या पूर्वेला चौदा पावलं.
मला वहीचं पानही आठवतं,
पेन्सिलीनं काढलेला बाण,
आणि बाणाच्या टोकाशी
शंका नसलेल्या हातानं लिहिलेला आकडा.

ती मी होते, चिंधू.

"ठावं हाय," तो म्हणाला.
"सकाळी जीपमधनं उतरलात
आन् आधी टाच दाबलीत."

एवढं म्हणून त्यानं उरलेली भाकरी मोडली,
अर्धी माझ्यापुढे केली.
भाकरी कडक झाली होती.
मी तिच्याकडे बघत राहिले :
पापुद्र्याखाली बुडबुडे,
साध्या वाफेचे.

उतरताना तो वाट सोडून बांधावरून घेऊन गेला.
पळस वाळलाय. विहिरीला कठडा नाही.
"पावसाळ्यात गुडघाभर ऱ्हातं. दिवाळीला खडखडाट.
आता पारवे असतात. शंभर तरी.
टाळी वाजवा."

मी नाही वाजवली.
त्यानं वाजवली,
आणि अख्खी विहीर पंख फडफडत वर आली,
आमच्या डोक्यांवरून, चाळीवरून,
धोडपच्या खाचेकडे वळली,
सावली तेवढी तळाशी उरली
आणि अडतीस फुटांवर तो पट्टा, अजून ओला दिसणारा.
नव्हता ओला.

"कांदे घ्या जाताना," चिंधू म्हणाला.
"पिशवी आनलीय का?"